फणीवरचा पाचवा ठिपका

दर दोन महिन्यांनी एका रविवारी, दुपारची जेवणं आटोपली की सुनीताबाई ओट्यावरचं टेबल पुसून त्यावर पांढरा कागद अंथरत, आणि गल्लीतली मुलं न बोलावता हजर होत.

गल्ली पनवेलातली, वडाळे तलावाच्या मागच्या अंगाला. एका बाजूला जुनी बैठी घरं, दुसऱ्या बाजूला चार मजली इमारती. टोकाला पिठाची गिरणी आणि तिच्यासमोर बदामाचं झाड. हवा स्वच्छ असली की बाईंच्या गच्चीवरून कर्नाळ्याचा सुळका दिसे. अलीकडे विमानं फार खालून जाऊ लागली होती. सुरुवातीला मुलं माना वर करून बघत. आता कुणी बघत नसे, कुत्रीसुद्धा नाहीत.

तेहतीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवून बाई निवृत्त झाल्या होत्या. घरी एकट्याच. मुलगा नोकरीनिमित्त दूर. पण एकटेपणाची तक्रार त्यांच्या तोंडून कुणी ऐकली नव्हती. संध्याकाळी ओट्यावर सहा-सात मुलं वह्या घेऊन बसली की त्यांना आणखी काही नको असे.

हे कुत्र्यांचं काम त्यांच्याकडे आणलं अनुयाने. अनुया कडू, त्यांची जुनी विद्यार्थिनी, आता जनावरांची डॉक्टर. रस्त्यावरच्या कुत्र्यांना दिलेली लस अंगात किती वर्षं टिकते, यावर तिचं संशोधन चालू होतं.

"तीन वर्षं टिकते हे सिद्ध झालं ना बाई, तर तेवढ्याच लशीत तिप्पट कुत्री वाचतील," ती म्हणाली होती. "पण मला नोंदी लिहिणारं असं माणूस हवंय, जे दिसेल तेच लिहील."

"मग बरोबर घरी आलीस," बाई म्हणाल्या होत्या.

शनिवारी सकाळी अनुया गल्लीतल्या बावीस कुत्र्यांचं थेंबथेंब रक्त घेऊन जाई. रविवारी त्या रक्ताचं वरचं पिवळसर पाणी लहानलहान नळ्यांत भरून परत येई, आणि मग निघे फणी. खरोखरच फणीसारखी ती पांढरी प्लास्टिकची पट्टी. बारा दात, एकेका कुत्र्याला एकेक दात. फणी ठरलेल्या क्रमाने औषधाच्या खळग्यांत बुडवायची, मुलांपैकी प्रणितने घड्याळ धरायचं, आणि वीस मिनिटांनी दातांवर करडे ठिपके उमटायचे. सगळ्यात वर एक ठिपका नेहमीच उमटे. चाचणी नीट झाली एवढंच तो सांगे. मुलं त्याला हजेरीचा ठिपका म्हणत. त्याखाली तीन ठिपके तीन रोगांचे : डिस्टेंपर, पिल्लांना मारणारा पार्व्हो आणि कुत्र्यांची कावीळ. ठिपका जितका गडद, तितकी त्या रोगाशी लढायची तयारी पक्की. त्याखाली दात कोराच असे.

"म्हणजे काय होतं बाई, रक्तात?" पहिल्याच दिवशी प्रणितने विचारलं होतं.

"शाळेच्या फाटकावरचे रखवालदार आहेत ना तुमचे? एकदा भिंतीवरून उडी मारून पळालेला मुलगा ते विसरतात का?"

"नाय विसरत. मला अजून वळखतात."

मुलं हसली. बाईही हसल्या. "तसंच. शरीरातला रखवालदार एकदा पाहिलेला चोर विसरत नाही."

"आणि न पाहिलेला?"

"त्याचा फोटो आधीच आणून द्यायचा. लस म्हणजे तो फोटो."

हादियाने हे वहीत उतरवून घेतलं. हादिया अकरा वर्षांची, समोरच्या इमारतीत पहिल्या मजल्यावर राहणारी. गल्लीत सगळ्यात नेमकं अक्षर तिचं, आणि नळ्या क्रमाने हातात देण्याचं काम म्हणून तिच्याकडे. तिची दादी, सकीनाबी, खालच्या पायरीशी कुत्र्यांसाठी पाण्याचं भांडं कधी रिकामं होऊ देत नसे. "मुक्या जनावराला पाणी पाजणं सवाबचं, पुण्याचं काम आहे," ती म्हणे, "पण लाळ लागली तर हात सात वेळा धुवायचे, त्यात एकदा मातीने. त्यात सूट नाही." त्यामुळे हादिया कुत्र्यांना हात लावत नसे. हातभर अंतरावरून बघायची, आणि इतरांपेक्षा जास्त बघायची.

सतरा नंबरची कुत्री फेब्रुवारीत आली. मातकट रंगाची, एक कान पडका, डोळे शांत. लस कधी टोचलेली नाही. अनुया म्हणाली, "ठेवू या हिला. लस न घेतलेलं एक कुत्रं तुलनेला हवंच." अभ्यासातल्या कुत्र्यांना नावं ठेवायची नाहीत, असा बाईंचा नियम होता, नाव ठेवलं की जीव लागतो आणि जीव लागला की नजर भुलते. मुलांनी नियम पाळला आणि नंबराचंच नाव केलं. सतरी.

सतरी आली त्या दिवशी बळीरामकाका बाईंच्या ओट्यावर टेकले होते. विमानतळात गाव गेलं तेव्हा त्यांनी या गल्लीत घर घेतलं होतं. कुत्रीकडे बघून ते म्हणाले, "बाय, ही आमच्या गावची हाय. मी शालेत व्हतो तवा पन व्हती."

"काका, तुम्ही पंच्याहत्तरीचे. कुत्रं जगतं बारा-चौदा वर्षं."

"मी कुटं नाय म्हनतो? तुमचा हिशोब बरोबर हाय." काकांनी तंबाखू मळली. "पन कुत्री तीच हाय."

पहिल्या फणीत सतरीच्या दातावर फक्त हजेरी लागली. बाकी तिन्ही ठिपके नाहीत. लस न घेतलेल्या कुत्र्याचं असंच असायचं.

एप्रिलच्या फणीत तिचा डिस्टेंपरचा ठिपका काळाभोर निघाला.

बाईंनी भिंग घेऊन पाहिलं. कुत्री धडधाकट होती. दोन महिन्यांत एक दिवस शिंकली नव्हती. रोज सकाळी बाईंच्या हातची अर्धी भाकरी खात होती. पनवेलात डिस्टेंपर कुठे नव्हता.

"हादिया, नळ्या देताना सतरा आणि अकरा उलटसुलट तर नाही ना झाल्या?"

"नाही बाई. मी नंबर मोठ्याने वाचून देते."

"होतं गं असं. चुकतं माणूस."

"मी नाही चुकले बाई," हादिया म्हणाली.

शाळेत प्रयोगवहीचं एक जुनं दुखणं असतं. मुलं निष्कर्ष गाइडातून आधी उतरवतात आणि प्रयोग नंतर करतात. बाईंनी तेहतीस वर्षं त्या एका खोडीशी भांडण केलं होतं. त्यापायी कितीतरी वह्या परत दिल्या होत्या. त्या रविवारी त्यांनी स्वतः तेच केलं. नळ्यांची अदलाबदल झाल्याचं लिहिलं असतं तर अनुयाला मुलांना कामातून काढावं लागलं असतं, आणि बोल लागला असता हादियाला. म्हणून त्यांनी सतराच्या रकान्यात, जे असायला हवं होतं ते लिहिलं : ठिपका नाही.

अठरा दिवसांनी गिरणीखालचं कुत्रं तोंडाला फेस येऊन थरथरू लागलं. डिस्टेंपर होता.

आठवड्याभरात ज्यांची लस विरली होती ती सगळी आजारी पडली. सहा कुत्री गेली. त्यातलं एक ओट्यावर येणाऱ्या निकेशच्या मांडीवर गेलं. सतरी ठणठणीत होती. एकेका आजारी कुत्र्याजवळ जाऊन ती बसे, आणि ते संपलं की उठून दुसऱ्याजवळ जाई.

बाईंनी अनुयाला बोलावून सगळं सांगितलं. काही लपवलं नाही. अनुयाने वहीतलं ते पान उघडलं.

"मला कळलं असतं तर मी त्याच दिवशी सगळ्यांना परत टोचलं असतं," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. "पण बाई, एक कळत नाही. रक्त घेतलं तेव्हा तिची तयारी पुरी होती. म्हणजे त्याआधी किमान दोन आठवडे तिला लागण झालेली. मी सगळ्या डॉक्टरांना विचारलं. त्या महिन्यात इथे एकही केस नव्हती."

"मग फोटो कुणी दिला तिला?" बाई म्हणाल्या.

अनुयाने वही मिटली.

त्या संध्याकाळी बाईंनी हादियाची सगळ्या मुलांसमोर माफी मागितली. "ती बरोबर होती, मी चूक होते. आणि माझ्या चुकीने सहा जीव गेले." हादियाला रडू आलं. बाईंना आलं नाही. पण त्या रात्री त्यांनी मनाशी एक गोष्ट पक्की केली. आपल्या हातामुळे या गल्लीतला आणखी एकही जीव जाता कामा नये. उरलेल्या आयुष्याकडून त्यांना एवढंच हवं होतं.

गेलेल्या सहा कुत्र्यांच्या जागी अनुयाने दुसरी सहा नोंदवली. जूनच्या फणीत सतरीच्या दातावर पार्व्होचा ठिपका काळा उमटला. बाईंनी लिहिलं, काळा. खाली सही केली आणि फोन उचलला. अनुया चार दिवस पायाला भिंगरी लावून फिरली. तलावापासून गाढी नदीच्या पुलापर्यंत सापडेल ते पिल्लू तिने टोचलं. तीन आठवड्यांनी पनवेलात पार्व्हो आला. दुसऱ्या वस्त्यांतून पिल्लांच्या वाईट बातम्या येत होत्या. या गल्लीत एक पिल्लू दगावलं नाही.

ते दिवस फार सुखाचे गेले. सतरी जुलैत बळीरामकाकांच्या जिन्याखाली व्याली, पाच पिल्लं. बाईंनी मुलांना लांब बसवून दाखवलं. "बघा, पहिला चीक. गाईचा असतो तसाच. आईच्या रक्तातली सगळी ओळख या चिकातून पिल्लांना मिळते. पिल्लाला स्वतःला काही भोगावं लागत नाही."

"म्हणजे आई शिकवते," प्रणित म्हणाला.

"हो. न बोलता."

"मग तुमच्यापेक्षा भारी टीचर आहे," निकेश म्हणाला, आणि सगळ्यांत मोठ्याने बाईच हसल्या.

काका जिन्यावर बसून ऐकत होते. मुलं पांगल्यावर म्हणाले, "बाय, ती वाईट नाय. आमची आय सांगायची. ती आधी येते, येवढंच."

"कशाच्या आधी?"

"ते दर खेपेला येगलं असतं," काका म्हणाले, आणि भाजी आणायला निघून गेले.

ऑगस्टच्या फणीत सतरीचे रोगांचे ठिपके फिकट होते. पण त्यांच्याखाली, जिथे दात कोरा असतो तिथे, एक पाचवा ठिपका होता. गोल, काळा, रेखीव.

बाईंनी तो बोटाने पुसून पाहिला. गेला नाही. दुसऱ्या खोक्यातली फणी घेऊन चाचणी परत केली. परत उमटला. अनुयाने फणी बनवणाऱ्या कंपनीला फोन लावला. त्या जागी काही लावलेलंच नसतं, असं तिथून सांगितलं. तिथे रक्ताला धरायला काही नाही, नुसतं प्लास्टिक आहे.

"डाग असेल," अनुया म्हणाली.

"डाग असता तर शेजारच्या दातावरही आला असता," बाई म्हणाल्या, आणि जे दिसलं ते लिहिलं.

सप्टेंबर सरळ गेला. पाऊस ओसरला, बदामाची पानं तांबडी झाली. मुलं रोजच्या नोंदी आणून दाखवत होती आणि बाई त्या तपासून खाली टिक करत होत्या. दुपारी सतरी बदामाखाली बसते. रोज एक कुत्रं येऊन तिच्यासमोर बसतं, रोज वेगळं. भांडत नाहीत, हुंगत नाहीत. तासाभराने उठून जातं. ही नोंद प्राचीची. निकेशने लिहिलं होतं, मधल्या सुट्टीत सतरी शाळेच्या फाटकासमोर बसली होती. हादियाने लिहिलं होतं : आज सतरी आमच्या जिन्यासमोर बसली. मी पहिल्या मजल्यावरून बघत होते. ती पण बघत होती.

बाईंनी टिक केली. अक्षर छान, असंही लिहिलं.

ऑक्टोबरच्या दुसऱ्या रविवारी दोन्ही फण्या कागदावर ठेवल्या गेल्या. बावीसही दातांवर पाचवा ठिपका होता. पाच पिल्लांसाठी तिसरी फणी काढली. त्यांच्याही दातांवर होता.

अनुयाने फोनवर फोटो काढले.

"बाई, हिला मुंबईच्या प्रयोगशाळेत न्यायला हवं. आजच. मी गाडीत पिंजरा आणलाय."

हादिया बाईंकडे बघू लागली. सगळीच मुलं बघू लागली.

"चल, गाडीपाशी बोलू," बाई म्हणाल्या.

गाडी गिरणीपाशी उभी होती. तिथे दोघी जवळजवळ तासभर बोलल्या. अनुयाचं म्हणणं खोटं नव्हतं. हे काय आहे ते कळायला हवं, आणि ते ओट्यावर कळणारं नव्हतं. बाईंनी सगळं ऐकून घेतलं.

"एप्रिलमध्ये मी तिचं ऐकलं नाही, सहा गेली," त्या म्हणाल्या. "जूनमध्ये ऐकलं, सगळी वाचली. आता ती काहीतरी शिकवतेय. काय ते मला कळत नाही. पण वर्ग चालू असताना शिक्षकाला उचलून नेत नाहीत, अनुया."

"हे विज्ञान नाही, बाई."

"नसेल. रक्त ने पाहिजे तितकं. कुत्री इथेच राहू दे. दिवाळीपर्यंत."

अनुयाने सुस्कारा सोडला. पिंजरा रिकामाच परत गेला.

बाई ओट्यावर आल्या तेव्हा मुलं घरी गेली होती. हादिया एकटी बसली होती. टेबल पुसलेलं, कागद बदललेला. सतरी पायरीखाली पुढचे पाय लांब करून पडली होती.

"राहणार आहे ती," बाई म्हणाल्या.

हादियाने मान हलवली. "बाई, एक सांगू? रागावणार नाही ना?"

"आधी सांग."

"उरलेले दात होते ना डब्यात, ते आम्ही वापरले."

दर फणीचे उरतील ते दात बाई मोडून एका डब्यात ठेवत. त्यातले आठ अजून वापरण्याजोगे होते.

"कशाला वापरले?"

"आमचं रक्त घालून बघितलं." ती भरभर बोलू लागली. "तुम्हीच म्हणता ना, तुलनेला काहीतरी पाहिजे. तुमच्या साखर तपासायच्या सुया घेतल्या. प्रत्येकाला नवीन सुई. कापसाने पुसून. वापरलेल्या बाटलीत टाकल्यात, झाकण लावून. प्रणितने घड्याळ धरलं."

बाईंनी कपाळाला हात लावला. मग हात खाली आला, कारण हादियाने कागदाची घडी उघडली होती.

सात दात ओळीने ठेवलेले. प्रत्येकाखाली तिच्या नेमक्या अक्षरात नाव. हजेरीचा ठिपका सातही दातांवर. रोगांचे तीन ठिपके एकावरही नाहीत, आणि माणसाच्या रक्ताला ते यायचेही नव्हते.

प्रणित, निकेश, प्राची, दिपिका, शाहीद, हादिया. सहांवर पाचवा ठिपका होता.

सातवा दात बळीरामकाकांचा. तो कोरा होता.

"काका म्हणाले, माजं पन बघा," हादिया म्हणाली. "दादीला विचारलं, ती नको म्हणाली."

"सतरी तुला चाटली होती? कधी ओरखडा, लाळ?"

"कधीच नाही, बाई. खरंच."

बाईंचा तिच्यावर विश्वास होता. तिच्याइतकं लांब राहून कुणीच बघत नव्हतं. आणि त्या स्वतः रोज सकाळी सतरीला हाताने भाकरी भरवत होत्या. तिची जीभ रोज त्यांच्या तळव्याला लागत होती.

डब्यात एक दात उरला होता.

बाईंनी सुई घेतली, करंगळीच्या टोकाला टोचली. थेंब पाण्यात मिसळला. दात बुडवला. हादियाने घड्याळ लावलं. पहिला खळगा, दुसरा, तिसरा. वरून एक विमान गेलं. गिरणी बंद झाली होती आणि गल्लीत पिठाचा कोमट वास रेंगाळत होता.

वीस मिनिटं झाली.

वरचा ठिपका उमटला. चाचणी नीट झाली होती.

खाली काही नव्हतं.

बाईंनी भिंग घेतलं. दात पांढरा होता, धुतलेल्या तांदळासारखा.

त्यांना वाटलं होतं तेवढी भीती वाटली नाही. त्या सहा दातांकडे त्या पुन्हा पुन्हा बघत होत्या, निकालाच्या दिवशी यादी बघावी तशा. एकही नाव गळलं नव्हतं.

सतरी उठली, पायरीवर आली. तिने बाईंच्या करंगळीकडे पाहिलं, आणि मग त्यांच्या पायांना पाठ टेकून बसली, त्या सहा आजारी कुत्र्यांपाशी एकेक करून बसली होती तशी.

"कधीकधी वेळ लागतो, बाई," हादिया हळूच म्हणाली. हळू शिकणाऱ्या मुलांशी बाई ज्या आवाजात बोलत, तोच तो आवाज. "आपण अजून पाच मिनिटं बघू या."

"बघू या," बाई म्हणाल्या.

पाच मिनिटं झाली. हादियाने घड्याळ पुन्हा पाचावर लावलं. मग आणखी एकदा.